अण्णांचा मागचा शॉक

"अण्णा, तुमी चोपन्न किलोचं न्हाईसा. तुमी चोपन्न किलोचं कवाच नव्हतासा. तिसरी-चौथीत असताना असलासा तर ते मला ठावं न्हाई."

दस्तगीर मिस्त्री असा ओरडत होता, की समोरच्या टपरीवरची गिऱ्हाइकं हातातल्या कपबशीसकट रस्ता ओलांडून दुकानाच्या दारात आली. लक्ष्मीपुरीतलं त्याचं सायकलचं दुकान आधीच काडेपेटीएवढं. त्यात स्टँडवर टांगलेली एक माउंटन बाइक, तिच्या पोटात नुकताच बसवलेला, धक्के झेलणारा काळा कुळकुळीत शॉक, दस्तगीरच्या हातात त्या शॉकमध्ये हवा भरायचा छोटा पंप, आणि समोर आमचे अण्णा, म्हणजे नेमगोंडा मगदूम. उंची साडेपाच फूट, रुंदी जवळपास तेवढीच. ते आत आले की दुकानातला उजेड बाहेर जाऊन उभा राहतो.

"चोपन्न लिवा," अण्णा म्हणाले.

"अवो, ह्या शॉकमधी हवा वजनाच्या हिशेबानं भरत्यात. बसणारं माणूस जेवढं, तेवढी हवा. चोपन्नाची हवा भरून तुमी वर बसलासा, तर सायकलीची घडी व्हईल. चादरीची घालतोय तशी."

"चोपन्न."

"मास्तर, सांगा की जरा ह्यास्नी."

मास्तर म्हणजे मी. पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आता निवृत्त होऊन अण्णांच्या समोरच्या घरात राहतो आणि अण्णा जिथं जातील तिथं ओढला जातो. मी काही सांगणार, तोवर अण्णांनी सायकल स्टँडवरून उतरवून घेतली, चोपन्न किलोची हवा भरायला लावली आणि परीक्षा म्हणून स्वतः वर बसले. धप्प असा आवाज झाला. शेजारच्या पतसंस्थेच्या वॉचमननं बंदूक सावरली. शॉक जो तळाला टेकला तो अण्णा उतरेपर्यंत वर आला नाही.

"बरोबर हाय," अण्णा समाधानानं म्हणाले. "माझ्याखाली बसलाच पायजे. मी सत्त्याण्णव हाय."

टपरीवरच्या मंडळींना वाटलं, म्हातारा डोक्यानं गेला. मला तसं वाटलं नाही. पण ते कळायला अण्णा काय चीज आहेत, हे आधी सांगायला हवं.

अण्णा गुळाच्या बाजारात तोलाईदार होते. म्हणजे शेतकऱ्याच्या गाडीतून गुळाचे रवे, ज्यांना कुणी ढेपा म्हणतात, ते उतरायचे, अण्णांनी ते काट्यावर ठेवायचे आणि वजन पुकारायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. व्यापारी म्हणायचा, जरा कमी पुकारा. शेतकरी म्हणायचा, जरा जास्त पुकारा. अण्णा दोघांनाही एकच उत्तर द्यायचे, "बोलणारा काटा हाय, मी निस्ता त्याचा भोंगा." शेवटी शेवटी तर त्यांना काटा लागायचाच नाही. गाडी गल्लीच्या तोंडाला दिसली की चाकांच्या करकरण्यावरून ते वजन सांगायचे. एकदा म्हणे त्यांचा अंदाज आणि काट्याचं वजन यात दोन किलोचा फरक पडला, तेव्हा बाजारातल्या लोकांनी काटा दुरुस्तीला पाठवला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगणारा अण्णांचाच शत्रू होता, म्हणून विश्वास ठेवतो.

निवृत्त झाले त्या दिवशी बाजारानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. अण्णांनी शाल परत केली आणि बदल्यात मोडीत निघालेला जुना लोखंडी काटा मागून घेतला. खाली माणूस उभं राहील एवढी फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. तो त्यांनी घराच्या सोप्यात, दारातून आत येणाऱ्याच्या बरोब्बर वाटेत ठेवला. तेव्हापासून त्या घरात पाहुण्याला पाणी मिळण्याआधी वजन मिळतं.

"या पावणं. चपला काढा. हितं उभं ऱ्हावा. एकाहत्तर दोनशे. बसा आता."

जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा उभं करायचं, हा दुसरा नियम. सहाशे ग्रॅमच्या आत वाढ भरली, तर तो अण्णांच्या बायकोच्या, शांतावैनींच्या, स्वयंपाकाचा अपमान धरला जातो आणि पाहुण्याला परत पाटावर बसवतात. त्यांच्या घरी जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळं उशिरा आलेला पाहुणा घाईत जेवतो आणि हमखास साडेपाचशेवर अडकतो. एका सोयऱ्यानं खिशात अडकित्ता घालून फसवायचा प्रयत्न केला. अण्णा दांडीकडं न बघताच म्हणाले, "बारदान काढा." बारदान म्हणजे गुळाखालचं पोतं, त्याचं वजन नेहमी वजा करायचं असतं.

मागच्या निवडणुकीत मतं मागायला एक उमेदवार आला. हार, कार्यकर्ते, ढोल. अण्णांनी त्याला हात धरून काट्यावर उभं केलं आणि दांडी सरकवत म्हणाले, "गेल्या टायमाला आलासा तवा सत्तर व्हतासा. आता एक्क्याण्णव. व्हय, इकास झालाय." ढोल तिथंच थांबला. कुणाच्या तिरडीला खांदा देतानासुद्धा त्यांचं तोंड गप्प बसत नाही. चार पावलं गेली की शेजारच्या खांदेकऱ्याच्या कानात पुटपुटतात, "साठ किलोचा गडी व्हता, एकूणपन्नासावर आणला आजारानं." आणि डोळे पुसतात. मला तर रोज सकाळी फाटकातूनच ऐकू येतं, "मास्तर, काल घरात भांडान झालं व्हय? चारशे ग्रॅम उतरलायसा." दुर्दैवानं ते बहुतेक वेळा खरं असतं.

असा माणूस, ज्यानं जन्मात खोटं वजन पुकारलं नाही, तो भर लक्ष्मीपुरीत स्वतःला चोपन्न किलोचा म्हणवत होता. कारण सरळ होतं. सायकल त्याची नव्हती. सायकल तेजूची, आणि चोपन्न हे वजनही तेजूचं. घर सोडून गेली त्या दिवशीचं.

तेजू ही त्यांची एकुलती एक मुलगी. ही पोर शाहूवाडीच्या डोंगरातल्या चिखलाच्या वाटा सायकलनं उतरायची. साधी सायकल तिथं टिकत नाही, म्हणून पहिल्या पगारातून तिनं पुढं आणि मागं दोन्हीकडं शॉक असलेली ही सायकल घेतली. अण्णांनी ती आल्याआल्या काट्यावर चढवली. "चौदा दोनशे. एवढ्यात आमच्या येळंला दुधाच्या किटल्या अडकीवल्याली सायकल येत व्हती." पण तेजू डोंगरातून परत येईपर्यंत ते फाटकात उभे असायचे आणि ती आली की आधी तिला, मग सायकलीला, मग चिखलाला असं वेगवेगळं तोलायचे.

मग दोन वर्षांपूर्वी तेजूनं पुण्याहून एक मुलगा घरी आणला. निखिल त्याचं नाव. वऱ्हाडातला, कॉम्प्युटरवर काम करणारा, अंगानं उदबत्ती आणि वर चष्मा. हिला त्याच्याशी लग्न करायचं होतं. पोरगा बिचारा पाया पडायला वाकणार, तेवढ्यात अण्णांनी त्याला सवयीनं काट्यावर उभं केलं. मी तिथंच होतो. अण्णांनी वजन सरकवलं, परत सरकवलं आणि बाजारात पुकारायचे तसं पुकारलं, "बावन्न. बारदान धरून."

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढं म्हणाले, "तेजे, तुझ्यापरास दोन किलो कमी हाय. वारं सुटलं तर कुणी कुणाला धरायचं?"

तेजूनं निखिलचा हात धरून त्याला काट्यावरून उतरवलं. ती मोठ्यानं बोलली नाही, हेच वाईट होतं. म्हणाली, "अण्णा, माणूस आन गुळाचा रवा यातला फरक कळला की मला फोन करा. तवर नको." दुपारच्या गाडीनं दोघं गेले. पुण्यात कचेरीत लग्न झालं. वैनी लग्नाला गेल्या. अण्णा पोटात दुखतंय म्हणून घरीच राहिले.

तेव्हापासून तेजूचा फोन वैनींना येतो. त्या बोलत असल्या की अण्णा त्यांच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसतात. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडतात. फोन काही त्यांनी केला नाही. फोन केला म्हणजे फरक कळला असं कबूल करणं आलं, आणि एकदा पुकारलेलं वजन अण्णांनी कधी मागं घेतलेलं नव्हतं.

महिन्यापूर्वी वैनी फोनवर म्हणाल्या, "तुझी सायकल पडून गंजायलीया बघ. येऊन घिऊन तरी जा." तिकडून तेजू म्हणाली, "तिचा मागचा शॉक गेलाय आई. आणून काय करू?"

झालं. अण्णांनी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि तडक माझ्या घरी आले.

"मास्तर, मागचा शॉक बदलला तर पोरगी ईल."

"असं ती म्हणाली?"

"शॉक गेलाय म्हणून येत न्हाय म्हणाली. म्हंजे शॉक आला की ईल. सरळ हिशेब हाय की."

हिशेब इतका सरळ होता की त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापासून हा माणूस खाली बसला नाही. सायकल दुकानात नेली, दस्तगीरनं जुना शॉक सोडवला. आतली स्प्रिंग ठीक होती, पण तेल सगळं गळून गेलं होतं. दस्तगीर म्हणाला, नवा हवेवरचा बसवू, दोन्ही टोकांच्या भोकांतलं अंतर मोजून द्या. अण्णा म्हणाले, अंतर कसलं, वजन घ्या. जुना शॉक रुमालात गुंडाळून त्यांनी ओळखीच्या सोनाराकडं नेला आणि गुंजेपर्यंत तोलून आणला. अंतर शेवटी मी पट्टीनं मोजलं आणि माझ्या फोनवरून शॉक मागवला, पत्ता दस्तगीरच्या दुकानाचा दिला. मग रोज सकाळी अण्णा, "आला का बघून येऊ," म्हणत मला घेऊन लक्ष्मीपुरीत. अकरा दिवसांत अकरा फेऱ्या. दस्तगीर लांबूनच हात हलवून नाही म्हणायला लागला. शेवटी त्यानं वैतागून सांगितलं, "आला की मी फोन करतो. आता याल तर दुकान बंद करून गावाला जाईन."

आता घोटाळा इथंच झाला.

बाराव्या दिवशी सकाळी शॉक आला आणि दस्तगीरनं इमानदारीत अण्णांच्या फोनवर फोन केला. अण्णा फोन घरी विसरून मला घेऊन त्याच्याच दुकानाकडं निघाले होते. घरी अण्णांची थोरली बहीण मुक्कामाला आलेली. अक्का निपाणीकडच्या खेड्यातल्या, कानानं थोड्या कमी आणि काळजीनं फार जास्त. त्यांनी फोन उचलला. दस्तगीर म्हणाला, "अण्णांचा मागचा शॉक आलाय. लगोलग या."

अण्णांना चार वर्षांपूर्वी पाण्याच्या मोटारीचा शॉक बसला होता. तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होते. अक्कांना तो मागचा शॉक परत आलेला ऐकू आला. "यव्वा" म्हणून त्या जागीच बसल्या. वैनी देवळात गेलेल्या. अक्कांनी बसल्या बसल्या दोन कामं केली. गल्ली जमवली, आणि तेजूला फोन लावला. धाकट्या भावाला त्या कानडीत तम्मा म्हणतात. "तम्माला पुन्ना शॉक आलाय गं. मागच्यापरास मोठा. कुठं पडलाय कुणाला ठावं न्हाई."

इकडं आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. आम्ही दुकानात पोचलो, तेव्हा दस्तगीर म्हणाला, "फोन ठेवला न्हाई तर हजर? उडत आलासा व्हय?" अण्णांनी नवा शॉक हातात घेतला, वरखाली करून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मास्तर, फसीवलं आपल्याला. निम्म्यानं हलका हाय."

"अण्णा, सायकलीत हलकं तेच चांगलं असतं."

"हलकं ते चांगलं?"

"व्हय," दस्तगीर म्हणाला. "जेवढं हलकं तेवढं भारी."

अण्णांनी दोन-तीनदा ते स्वतःशी म्हणून पाहिलं. हलकं ते चांगलं. एकतीस वर्षांच्या गुळावर पाणी पडत होतं. मग शॉक बसला, हवेची वेळ आली, आणि मघाशी सांगितलेली चोपन्नाची हाणामारी झाली. शेवटी मीच दस्तगीरच्या कानात सांगितलं की सायकल लेकीची आहे. बिलाच्या पाठीमागं त्यानं पेन्सिलीनं एक कोष्टक लिहून दिलं. किती किलोला पंपाचा काटा कुठं थांबवायचा ते, साठपासून पंचेचाळीसपर्यंत एकेक किलो. पंपही दिला. "कमीजास्त वाटलं तर घरी करा. बसणारं माणूस पायजे, त्याशिवाय खरं कळत न्हाय."

पंपाला काटा आहे, हे अण्णांना फार आवडलं. टेम्पोत बसून घरी येईपर्यंत ते त्याच्याकडंच बघत होते.

गल्लीत शिरलो तर सत्तर-ऐंशी माणसं. कुणी रिक्षा आणून ठेवलेली, कुणी डबा करून आणलेला, कोपऱ्यावरचा एकजण तर अण्णांबद्दल बोलताना "होता" म्हणायचं की "आहे", या विचारात उभा असलेला दिसला. टेम्पोतून अण्णा सायकल धरून उतरले, तेव्हा काही लोकांची थोडी निराशाच झाली. अक्का तेवढ्या रडत आल्या आणि त्यांनी भावाला दोन रट्टे दिले. उलगडा व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्यात अण्णांनी विचारपूस करायला आलेली अठरा माणसं तोलून काढली.

मग वैनी म्हणाल्या, "तेजूला फोन गेलाय. निघालीत दोघं गाडी घिऊन."

अण्णांच्या हातातलं सरकतं वजन तसंच राहिलं.

"तिला सांगा, काय झालं न्हाई म्हणून. रडत गाडी चालवंल पोरगी."

"तुमीच सांगा," वैनी म्हणाल्या आणि फोन पुढं केला.

दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते गल्लीच्या साक्षीनं झालं. अण्णांनी फोन कानाला लावला. पलीकडून तेजूचा आवाज आला असावा, कारण अण्णा एकदम सरळ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "तेजे. मला कायबी झालेलं न्हाय. सावकाश ये." आणि फोन बंद केला.

हे मोठंच चुकलं. नंतर निखिलनं मला सांगितलं की तोवर ते दोघं जरा सावरले होते. पण अण्णांनी स्वतः फोन केला म्हणजे आता शेवटचंच, असं म्हणून तेजूनं हंबरडा फोडला, आणि त्यानं पुढचे अडीच तास गाडी कशी चालवली ते त्याला आठवत नाही.

ते अडीच तास अण्णांनी कसे काढले, ते मात्र मला चांगलं आठवतं. सोप्यातून फाटक, फाटकातून सोपा. मध्येच सायकल पुसायची. मध्येच पंप लावून हवा बघायची, चोपन्नावर आहे की नाही. पंप काढताना थोडी हवा जाते, म्हणून परत भरायची. मग परत बघायची. मी म्हटलं, अण्णा, बसा. म्हणाले, "मास्तर, शॉक आवडला न्हाई तर?" मी म्हटलं, आवडंल. दोन मिनिटांनी पुन्हा, "रंग काळा घेतला आपण. तिला काळा चालतोय न्हवं?" वैनींना तीनदा विचारलं, कोबीची भाजी केलीया का. त्यांनी तीनदा हो सांगितलं. मग काट्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "धरा जरा, हलवू ह्याला इथनं." आम्ही दोघांनी जोर लावला. काटा काही हलला नाही. नऊ वर्षांत त्याचे पाय फरशीत बसले होते. अण्णांनी त्यावर चादर टाकली. चादर टाकलेला काटा आणखीच मोठा दिसायला लागला. चादर काढली.

चारच्या सुमाराला गाडी आली. दार उघडं टाकून तेजू पळतच आत शिरली, आणि समोर अण्णा हातात पंप घेऊन सायकलीपाशी उकिडवे बसलेले.

पुण्यात राहून तेजू "मी आले, मी गेले" असं बोलायला शिकली आहे, असं वैनी म्हणायच्या. त्यातलं काही उरलं नाही. आमच्याकडच्या पोरी बोलतात तसंच आलं सगळं. "पाच तास मी रडत आलो. वाटंत दोनदा गाडी थांबवून उलटी केलो. आन तुमी हितं हवा भरत बसलाय? लाज वाटत न्हाय काय, आजारपणाचं सोंग करून बोलवायला?"

"सोंग न्हाई," अक्का मधे पडल्या. "मीच चुकलो गं. मागचा शॉक म्हटल्यावर..."

"कसला मागचा शॉक?"

अण्णांनी सायकलीकडं बोट दाखवलं.

तेजूनं बघितलं. वाकून बघितलं. नवा शॉक अंगठ्यानं दाबून बघितला. एवढ्या वेळात निखिल दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. बिचाऱ्यानं इकडं तिकडं बघितलं, चपला काढल्या आणि सरळ जाऊन काट्यावर उभा राहिला.

दांडी टक्कन वर जाऊन थांबली. सोप्यात सगळे थांबले. तेजूचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे दोघं तसेच गाडीत बसून परत जाणार. अण्णा उठले. काट्यापाशी गेले. त्यांचा हात सरकत्या वजनाकडं गेला, सवयीचाच हात तो, आणि तिथून पुढं गेला आणि निखिलच्या दंडाला लागला.

"उतरा पावणं," अण्णा म्हणाले. "तुमाला कुणी चढाया सांगितलं? वैनीसायेब, पाणी आणा की."

वैनींना ते वैनीसायेब पूर्वी कधी म्हणाले नव्हते. त्यांना कुणाला तरी साहेब म्हणायचं होतं, जावयाला म्हणणं जमलं नाही, ते बायकोवर गेलं.

पाणी झालं, चहा झाला. मग अण्णा तेजूला म्हणाले, "बसून बघ." ती म्हणाली, "नंतर." ते म्हणाले, "बरं." आणि अर्ध्या मिनिटानं, "उजेड हाय तवर बसून बघ." ती उठली. गल्लीतून एक फेरी मारली, मुद्दाम गटारीच्या फुटक्या झाकणावरून, मुद्दाम गतिरोधकावरून. परत आली तेव्हा आल्यापासून पहिल्यांदा तोंडावर जरा रंग होता.

"चांगलाय अण्णा. लई चांगलाय. फक्त मागं जरा कडक लागतंय. दबतच न्हाय."

"कडक?" अण्णा म्हणाले. "चोपन्नाचीच हवा हाय."

"कमी करा थोडी."

अण्णांनी पंप लावला. बटण दाबून थोडी हवा सोडली. ती बसली, हलून बघितलं, म्हणाली, अजून. पुन्हा सोडली. अजून. अण्णा एका हातानं पंप धरून त्याच्या काट्याकडं बघत होते आणि दर खेपेला बटण आधीपेक्षा हळू दाबत होते. पाचव्या-सहाव्या वेळी ती खाली-वर झुलली आणि म्हणाली, "हां. आता बरोबर. आता माझ्या मापाचा झाला."

अण्णांनी खिशातून दस्तगीरचा कागद काढला. पंपाचा काटा जिथं थांबला होता तो आकडा शोधत त्यांचं बोट खाली खाली आलं आणि अठ्ठेचाळीस किलोसमोर थांबलं. मी खांद्यावरून बघत होतो. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तेजूकडं बघितलं. मघापासून ती घरात होती, पण बहुतेक तेव्हाच त्यांनी तिला नीट बघितलं. गळ्याची हाडं, मनगटं. एरवी चाकाच्या करकरण्यावरून गाडी तोलणारा माणूस, त्याला डोळ्यांसमोरची पोर दिसली नव्हती.

"काम लई असतंय काय गं तिकडं?" एवढंच विचारलं.

"असतंय की," ती म्हणाली.

जेवण सूर्य मावळायच्या आत झालं. मला आग्रहानं बसवलं होतं. अण्णांनी त्या दिवशी उठल्यावर कुणालाच काट्यावर उभं केलं नाही, मलासुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल गाडीच्या टपावर बांधून दोघं पुण्याला गेले. दिवाळीला येतो म्हणाले. निखिलनं पाया पडताना एक डोळा काट्यावर ठेवला होता.

गाडी वळली तशी गल्ली पांगली. मला वाटलं, आता अण्णा चार दिवस निवांत बसतील. तासाभरानं फाटकातून बघतो तर स्वारी टोपी घालून, दोन रिकाम्या पिशव्या काखेत मारून निघालेली, पावलं अशी की एस. टी. चुकतेय.

"अण्णा, आता कुठं?"

"आजऱ्याला."

"तिथं काय काढलं?"

"काजू. पाच किलो. आन एक किलो तूप हिनं कढीवलंय. सगळं मिळून पुण्याला धाडतो."

"दोन माणसांना सहा किलो? काय करणार ती त्याचं?"

"तेवढी उतरलीया ती," अण्णा म्हणाले.